नव्या लॅपटॉपचं वाटप थांबवा

रमजान तोंडावर आलाय. थोड्याच दिवसांत जकातीचे हिशेब मांडले जातील, मोहल्ल्यातल्या तंजिमा बैठका घेतील आणि ईद झाली की एखाद्या शादीखान्यात बॅनर लागेल, ‘गरजू व होतकरू विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटप’. स्टेजवर पाहुणे, त्यांच्या गळ्यात हार, खोके छातीशी धरून उभ्या असलेल्या मुली आणि समोर मोबाइल वर केलेले पन्नास हात. २०२० च्या ऑनलाइन शाळेनंतर आमच्या शहरात असे कार्यक्रम वाढले. त्यामागची नियत साफ आहे, हे सुरुवातीलाच नोंदवतो, कारण पुढचं वाचून काही मित्र नाराज होणार आहेत. माझं म्हणणं साधं आहे. हे वाटप थांबवा. निदान आज ज्या पद्धतीने चाललंय, त्या पद्धतीने तरी थांबवा.

त्या खोक्यात काय असतं, हे सहसा कुणी विचारत नाही. वीस-बावीस हजारांच्या बजेटात बसणारा, चमकदार झाकणाचा लॅपटॉप असतो. आत बहुतेकदा सेलेरॉन किंवा त्याच पट्टीतला प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि ६४ किंवा १२८ जीबीचं ईएमएमसी स्टोरेज. ईएमएमसी म्हणजे साध्या मोबाइलमध्ये असते तशी मेमरीची चिप, थेट मदरबोर्डवर डकवलेली. काढता येत नाही, बदलता येत नाही. अनेकदा रॅमसुद्धा तशीच डकवलेली. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते, असं मायक्रोसॉफ्टच सांगते. म्हणजे ६४ वाल्या मशीनमध्ये विद्यार्थ्याने आपलं काही ठेवायच्या आधीच जागेची ओढाताण सुरू. दोन-तीन अपडेट आले की ड्राइव्हची पट्टी लाल होते.

बी.एस्सी. करणारी एक मुलगी मागच्या पावसाळ्यात असाच लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली. तिला पायथन शिकायचं होतं. ब्राउझरमध्ये कॉलेजचं पोर्टल, एक व्हिडिओ आणि बाजूला कोड लिहायची खिडकी, एवढं उघडलं की मशीन गुदमरायचं. आम्ही स्क्रू काढून पाहिलं. आत वाढवण्यासारखं काहीच नव्हतं. दीड वर्षापूर्वी मिळालेली वस्तू आणि तिच्यात सुधारणेला कुठे जागाच नाही. देणाऱ्या संस्थेचं नाव मी घेणार नाही, त्यांनी मनापासून दिलं होतं. पण त्या मुलीचा समज मात्र पक्का झाला होता की कॉम्प्युटर आपल्याला जमत नाही.

आता दुसरं मशीन बघा. २०१७ सालचा, एखाद्या कंपनीने आपल्या इंजिनिअरला दिलेला लॅपटॉप. जाड, काळा, दिसायला काही नाही. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, रॅमचे एक-दोन खुले स्लॉट, बदलता येणारी डिस्क, बदलता येणारी बॅटरी, भक्कम कीबोर्ड. वाळूज-शेंद्र्यापासून पुण्या-मुंबईपर्यंत मोठ्या कंपन्या तीन-चार किंवा पाच वर्षांनी अशी मशीन लॉटमध्ये काढून टाकतात. ती सेकंडहँड बाजारात बारा-पंधरा हजारांत मिळतात. घराघरांतल्या कपाटात पडलेली तर फुकटच. या काळ्या धोंड्याला चांगली एसएसडी आणि आठ जीबी रॅम दिली, तर तो त्या चमकदार खोक्याला सहज मागे टाकतो. मी दोन्ही शेजारी ठेवून मुलांना दाखवलंय. एकालाही समजावून सांगावं लागलं नाही.

मग हा दुसरा लॅपटॉप भंगारात का चाललाय?

कारण १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार बंद केला. २०१५ मध्ये ही सिस्टीम आली, तेव्हा हे शेवटचं विंडोज असेल, असं कंपनीच्याच एका माणसाने परिषदेत सांगितलं होतं. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि त्यासोबत एक रेषा आखली गेली. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, सुरक्षेसाठी टीपीएम २.० हवं. आठवी पिढी बाजारात आली ऑगस्ट २०१७ मध्ये. म्हणजे २०१७ च्या उन्हाळ्यात पदरमोड करून चाळीस-पन्नास हजारांना लॅपटॉप घेतलेल्या बापाचं मशीन बाद, आणि सहा महिन्यांनी शेजाऱ्याने घेतलेलं पास. (बापाच्या बिलावर औरंगाबाद छापलंय आणि २०२३ पासून शहर कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर आहे. शहराच्या नावाला लागली तेवढी वर्षंसुद्धा या मशीनला दिली जात नाहीत.)

सुरक्षेचं कारण खोटं नाही. टीपीएम पासवर्ड आणि डिस्कच्या चाव्या जपण्याच्या कामी येतं. पण २०१६-१७ च्या कित्येक व्यावसायिक लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० आहेच, तरी ती बाद. बरं, नियम तरी सगळ्यांना सारखा लावावा! सातव्या पिढीचा एक विशिष्ट प्रोसेसर, आय-सेव्हन ७८२०एचक्यू, यादीत अपवाद म्हणून घेतला गेला. तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या महागड्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये बसवलेला होता. आमच्या पोरांच्या थिंकपॅडला मात्र ही सवलत नाही. कॅनालिस या बाजारसंशोधन संस्थेने २०२३ मध्येच अंदाज दिला होता की या रेषेमुळे जगभरात सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर कचऱ्यात जाऊ शकतात. आणि ज्या मशीनला विंडोज ११ ‘असुरक्षित’ म्हणतं, त्याच मशीनवर आजची लिनक्स आजच्या सुरक्षा-दुरुस्त्यांसह चालते. तेव्हा प्रश्न मशीनच्या कुवतीचा नाही. कंपनीला त्याच्यावर पुढे खर्च करायचा नाही, एवढंच.

कंपनीने आपला धंदा केला. माझा राग तिच्यावर आहे, पण त्याहून जास्त आपल्यावर आहे. कारण कंपनीने आखलेली रेषा आपण विनातक्रार समाजकार्यात उतरवली. ‘जुना आहे, सोडा, नवा घेऊ’, हे वाक्य मी दुकानदारापेक्षा तंजिमांच्या बैठकांत जास्त ऐकलंय.

आता दुरुस्तीचं बोलू, कारण ‘जुना लॅपटॉप वापरा’ असं नुसतं म्हणून भागत नाही. गेली दोन वर्षं आम्ही चार मित्र रविवारी दुपारी जुने लॅपटॉप उघडतो. त्यातले दोघे या कामात खरे उस्ताद आहेत, मी स्क्रू सांभाळतो आणि हिशेब लिहितो. चाळीसेक मशीन हातून गेली असतील. त्यातून जे कळलं ते असं.

‘हँग होतो’ म्हणून आलेल्या दहापैकी सात-आठ मशीनमध्ये दोष हार्ड डिस्कचा असतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी तबकडी असते आणि तिच्यावरून सुई फिरते. प्रत्येक बारीक फाइल शोधायला तिला पुन्हा पुन्हा जागा बदलावी लागते. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइली वाचायच्या असतात. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. डिस्क बदलली की पाच मिनिटांनी उघडणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटात उघडतो. लोकांना वाटतं आपण प्रोसेसर बदलला. २०१० नंतरच्या हार्ड डिस्कवाल्या जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी बसते, दोन-चार स्क्रूंचं काम आहे.

रॅम घेताना मात्र घाई करू नये. डीडीआर३, डीडीआर३एल आणि डीडीआर४ या वेगळ्या जाती आहेत. डीडीआर३एल कमी व्होल्टेजवर, १.३५ वर चालते. २०१३-१४ नंतरची बरीच मशीन तीच मागतात, साधी डीडीआर३ लावली तर सुरूच होत नाहीत. जुनी पट्टी बाहेर काढून दुकानात सोबत न्यावी, हा सर्वांत सोपा उपाय. गेल्या वर्षाच्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढलेत, तेही लक्षात घ्या. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी आहे आणि जगात ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजून तीन. त्यातल्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे दीड-दोन हजारांत मिळणाऱ्या एसएसडीचा आजचा भाव मी लिहीत नाही, दुकानात जाईपर्यंत तो बदललेला असेल. पण या महागाईने माझा मुद्दा पक्काच होतो. नवे लॅपटॉपही याच कारणाने महागणार आणि त्याच बजेटात आणखी कमी रॅम मिळणार. तुमच्या कपाटातल्या बाद लॅपटॉपमध्ये आधीच आठ जीबी असेल, तर तुम्ही ऐवज कुलपात ठेवलाय.

बाकीचं किरकोळ आहे, पण लोक किरकोळ गोष्टींवरूनच मशीन टाकतात. मराठवाड्यातल्या उन्हाळ्याची धूळ पंख्यात बसते आणि मशीन तापून आपोआप बंद होतं. ब्रश, ब्लोअर आणि शंभर-दोनशे रुपयांची थर्मल पेस्ट, एवढ्यावर ते भागतं. एका शिक्षकांचा लॅपटॉप ‘इंटरनेट खराब’ म्हणून दोन वर्षं पडून होता. प्रत्येक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणायची. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला होता, त्यामुळे बंद केला की तारीख कित्येक वर्षं मागे जायची आणि ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र चुकीचं वाटायचं. सेल सीआर २०३२, किंमत वीस-तीस रुपये. फुगलेली बॅटरी मात्र किरकोळ समजू नका. टचपॅड वर उचललेला दिसला की मशीन लगेच बंद करा, बॅटरीवर दाब देऊ नका, टोचू नका आणि जाणत्याकडून ती काढून घ्या. लॅपटॉप त्यानंतर नुसत्या चार्जरवरही चालतो.

आता सिस्टीम. आधी पाहा की मशीन खरंच बाद आहे का. प्रोसेसरच्या नावातला आकडा बघा. ८२५०यू म्हणजे आठवी पिढी, ७२००यू म्हणजे सातवी. आठवी किंवा पुढची असूनही विंडोज ११ नकार देत असेल, तर बहुधा बायोसमध्ये टीपीएम बंद आहे. इंटेलच्या मशीनमध्ये त्याला पीटीटी म्हणतात. ते सुरू केलं की काम झालं. कित्येकांनी हे न बघता लॅपटॉप विकलेत. सातव्या पिढीपर्यंतचं मशीन असेल आणि विंडोज १० सोडवत नसेल, तर मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा-अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवला तर पैसे लागत नाहीत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करता येते. पण ही मुदत आहे, इलाज नाही. आणि काहीच न करता त्याच मशीनवर बँकेचे व्यवहार करत राहणं हा जुनं वापरण्याचा मार्ग नव्हे, ती बेफिकिरी आहे.

इलाज लिनक्स. नाव काढलं की लोक मागे सरकतात. पण हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो, तेव्हा कुणी घाबरत नाही. आम्ही बहुतेक मशीनवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घालतो. चार जीबी रॅमवरही बरी चालते, आणि आत्ताच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पेन ड्राइव्हवरून, काही न पुसता, आधी चालवून बघता येते. वायफाय लागतं का, आवाज येतो का, तिथेच कळतं. काही जुन्या ब्रॉडकॉम वायफाय कार्डांना ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो, बाकी फारसा त्रास नाही. फायरफॉक्स आहे, लिब्रे ऑफिस आहे. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आत आहे, उर्दूचाही आहे, आणि नोटो नस्तालिक हा मोफत फॉन्ट घातला की उर्दू नस्तालिकमध्ये दिसते.

अडचणी नाहीत असं मी म्हणणार नाही. आमच्या शहरात दोन्ही भाषांच्या छपाईचं काम दोन सॉफ्टवेअरवर उभं आहे, उर्दूचं इनपेजवर आणि मराठीचं श्रीलिपीवर. दोन्ही विंडोजसाठी बनलेली. टॅलीही तशीच. डीटीपीवाल्याने किंवा अकाउंटवाल्याने लिनक्सच्या नादी लागून आपला रोजगार अडवू नये. त्याने विंडोजचं एक मशीन ठेवावं, शक्यतो इंटरनेटपासून तोडून. पण अकरावीतल्या मुलाला, स्पर्धा परीक्षेच्या मुलीला, मदरशातल्या इंग्रजीच्या वर्गाला इनपेज लागत नाही. त्यांना ब्राउझर, पीडीएफ, व्हिडिओ, टायपिंग आणि थोडं कोडिंग लागतं.

‘विंडोज तर फुकटच मिळतं की’, हे उत्तरही ठरलेलं. फुकट म्हणजे क्रॅक. कोपऱ्यावरचा पोरगा शंभर-दोनशे रुपयांत फॉरमॅट मारून देतो आणि अ‍ॅक्टिव्हेट करायला जी फाइल चालवतो, तिच्यात आणखी काय आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. अँटिव्हायरस आधी बंद करावा लागतो, यातच सगळं आलं. आणि जकातीच्या, सदक्याच्या पैशाने दिलेल्या वस्तूत चोरीचं सॉफ्टवेअर घालून देण्याबद्दल आपल्या तंजिमांमधल्या परहेजगार मंडळींना कधी प्रश्न पडत नाही, याचं मला नवल वाटतं.

या भीतीचं मूळ शिक्षणात आहे. २००१ पासून एमएस-सीआयटी आली आणि तिने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत कॉम्प्युटर नेला, हे तिचं श्रेय कुणी नाकारू नये. आमच्या मोहल्ल्यातल्या किती मुली त्या प्रमाणपत्रामुळे पहिल्यांदा घराबाहेर पडून माउसला हात लावू शकल्या. पण त्या अभ्यासक्रमाने आपल्याला कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि लिहिणं म्हणजे वर्ड हेच शिकवलं. गाडी शिकवण्याऐवजी एकाच कंपनीची गाडी शिकवली. केरळकडे बघा. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत कितीतरी वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअर आहे. राज्याची काइट ही संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स तयार करते, मल्याळममध्ये, आणि लाखो मुलं तीच शिकून पुढे इंजिनिअर होतात. त्यांना नोकऱ्या मिळत नाहीत असं तर ऐकिवात नाही! जगातले बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. आयटीतली नोकरी हवी असलेल्या मुलाला ती घरीच शिकायला मिळाली, तर नुकसान कसलं?

आता सर्वांत गंभीर आक्षेप. एका बुजुर्ग मित्राने मला सुनावलं, ‘गरिबाला उतरलेलं द्यायचं? श्रीमंताच्या घरी नवं आणि आमच्या पोरांना भंगार? ही कसली खिदमत?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. उतरलेले कपडे अंगावर घालून शाळेत गेलेल्या माणसाला त्याचा काटा माहीत असतो. म्हणूनच सांगतो, मळका, अर्धवट चालणारा, चार्जरशिवायचा लॅपटॉप कुणाच्या हातात ठेवणं अपमानच आहे आणि तो कुणी करू नये. पण अपमान वस्तूच्या वयात नसतो. बारा महिन्यांत जाम होणारं नवंकोरं खेळणं देऊन फोटो काढणं हाही अपमानच आहे, फक्त तो घरी गेल्यावर कळतो. आम्ही मशीन देताना तिला पुसून, कीबोर्ड बदलून, नवी बॅटरी शक्य असेल तर घालून देतो आणि मुलाच्या हाताने एकदा उघडून घेतो. रॅम कुठे आहे, डिस्क कुठे आहे, उद्या काय वाढवता येईल, हे त्याला दिसतं. मालक होणं यालाच म्हणतात. ज्या वस्तूचं झाकण उघडण्याची परवानगी नाही, तिचे आपण भाडेकरू.

हे काम करणारे हातही आपल्याकडेच आहेत, आणि आपण त्यांना मोजत नाही. पैठण गेटच्या मोबाइल बाजारात जा. नववी-दहावीत शाळा सुटलेली पोरं भिंगाखाली नखाएवढी चिप गरम हवेने उचलतात आणि जागेवर बसवतात. त्यांना कुणी शिक्षित म्हणत नाही. सत्काराच्या यादीत डॉक्टर असतात, नीट पास झालेले असतात, हा कारागीर नसतो. हिमरूच्या शहरात, जिथे फाटलेल्या शालीचा धागा धाग्याला जुळवणाऱ्या रफूगराला मान होता, तिथे आज दुरुस्ती करणं हे गरिबीचं लक्षण झालं. मलिक अंबरच्या नहरीचं कौतुक आपण पाहुण्यांना ऐकवतो. ती शतकानुशतकं वाहिली, म्हणजे कुणीतरी पिढ्यानपिढ्या तिचा गाळ काढत होतं. त्या माणसांची नावं कुठे कोरलेली नाहीत.

आणि फेकलेला लॅपटॉप जातो कुठे? दिल्लीचं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद. तिथल्या गल्ल्यांत तारा जाळून तांबं काढतात, सर्किट तेजाबात बुडवून सोन्याचे कण काढतात. धूर आणि शिसं कुणाच्या फुफ्फुसात जातं? त्या वस्त्यांत राहणाऱ्यांची नावं वाचा, तुमच्या-माझ्यासारखीच आहेत. इथे जकातीतून नवा खोका वाटायचा आणि त्याने बाद ठरवलेला डबा तिथल्या पोरांनी जाळायचा, असा हा फेरा आहे. २०२२ मध्ये जगात ६२ दशलक्ष टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच नोंद राहील अशा रीतीने गोळा होऊन पुनर्वापरात गेला, असा संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अहवाल आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम आहेत, ग्राहक मंत्रालयाचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही डिसेंबर २०२२ मध्ये आलं. कागदावर दिशा बरी आहे. मशीनमध्ये रॅम डकवून टाकायला मात्र अजून कुणी मनाई केलेली नाही. आपल्या जुम्याच्या खुतब्यात इसराफवर बोलणं होतं, लग्नातल्या जेवणावळींवर होतं, वजूच्या नळावर होतं. लॅपटॉपवर एकदा व्हावं.

सगळंच वाचवता येतं असा माझा हट्ट नाही. ३२ बिटचे जुने ॲटम नेटबुक, रॅम दोन जीबीच्या वर न जाणारी मशीन, पाणी जाऊन मदरबोर्ड गंजलेली, यांच्यामागे वेळ घालवू नये. उबंटूने ३२ बिट कधीच सोडलं, डेबियननेही २०२५ च्या आवृत्तीत त्याचं इन्स्टॉलेशन बंद केलं. अशा मशीनमधून रॅम, स्क्रीन, चार्जर, बिजागऱ्या काढून घ्याव्यात आणि उरलेलं अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावं, कबाड्याकडे नाही.

आता बैठकीत काय मांडायचं ते. पंचवीस हजारांच्या एका नव्या लॅपटॉपच्या पैशात, दान आलेली जुनी मशीन असतील तर, आजच्या चढ्या भावातही चार तरी विद्यार्थ्यांचे लॅपटॉप उभे राहतात. त्यात दुरुस्त करणाऱ्या मुलाची मजुरी धरली आहे. ती धराच, खिदमतच्या नावाखाली त्याला फुकट राबवू नका. जकातीचा पैसा असेल तर वस्तू त्या हकदाराच्या मालकीची झाली पाहिजे, ही तमलिकची अट हनफी उलेमा सांगतात. तेव्हा मुलाला द्यायचं मशीन जकातीतून, आणि कारागिराची मजुरी, अवजारं किंवा सर्वांनी मिळून वापरायचे कॉम्प्युटर सदका-इमदादीतून, असा हिशेब वेगळा ठेवावा. मुफ्तीसाहेबांना आधी विचारून घ्या. शहरात २०२१ पासून एका शाळकरी मुलीच्या नावाने मोहल्ला बालवाचनालयं उभी राहिली. तशा प्रत्येक जागी एक दुरुस्त केलेलं मशीन ठेवायला काय हरकत आहे? आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्सचा ट्रेड आहे. तिथल्या मुलांना सरावाला यापेक्षा चांगलं काय मिळेल?

आणि कार्यक्रम घ्यायचाच असेल तर जरूर घ्या, पाहुणेही बोलवा. फक्त स्टेजवर एक टेबल ठेवा, एक लॅपटॉप उघडून ठेवा आणि हार त्या पैठण गेटच्या पोराच्या गळ्यात घाला.

कपाटात जुना लॅपटॉप ठेवून बसलेल्यांना शेवटी दोन विनंत्या. फोटो, कागदपत्रं आधी स्वतःकडे काढून घ्या. त्यानंतर डिस्क पूर्ण पुसून देण्याची जबाबदारी घेणाऱ्यालाच मशीन द्या, आणि भरवसा नसेल तर डिस्क काढून ठेवूनच द्या, आम्ही तशीही ती बदलणार असतो. दुसरं, मशीनसोबत चार्जर द्या. प्रत्येक कंपनीची पिन वेगळी, प्रत्येकाचे वॅट वेगळे. चार्जरशिवाय आलेले अकरा लॅपटॉप या घडीला आमच्या मेजाखाली पडून आहेत, त्यातले सात तरी मला खात्री आहे की चालू होतील.